रात्री नऊ ते अकरा

पुणे, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

तीर्थरूप आई आणि बाबांना मनूचा शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर जे सांगायचे होते ते राहिलेच. बाबा, तुम्ही ‘ऑफिस काय म्हणतंय?’ असे विचारले आणि मी सवयीने ‘चाललंय’ म्हणाले. ते खरे नव्हते. हिंजवडीच्या कंपनीतला माझा शेवटचा दिवस गेल्याच आठवड्यात झाला. राजीनामा तर त्याच्या नव्वद दिवस आधी दिलेला होता. म्हणजे गौरी-गणपतीला मी घरी आले, आईच्या हातचे मोदक मोजून अकरा खाल्ले आणि आरतीला तुमच्याशेजारी उभी राहून झांजा वाजवल्या, तेव्हा तो देऊन झालेला होता. तुमच्यासमोर चार दिवस वावरूनही हे सांगितले नाही, याचे मला नोकरी सोडण्यापेक्षा जास्त वाईट वाटते. आता निर्णय मागे घेण्यासारखा राहिलेला नाही, म्हणून परवानगी मागत नाही. तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढ्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

मी डीजे म्हणून काम करते.

हा शब्द आपल्या घरात कसा पडेल याची मला पूर्ण कल्पना आहे. मंडळाच्या बैठकीत डॉल्बीविरुद्ध तुम्ही एकटे उभे राहिलात ते वर्ष, त्यानंतर समोरच्या घराने धरलेला अबोला आणि माजघराच्या खिडकीची ती तडकलेली काच, जी तुम्ही मुद्दाम बदलली नाहीत, यातले काहीही मी विसरलेले नाही. साताऱ्यात डीजे म्हटले की डॉल्बीच डोळ्यांसमोर येते: ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, छातीत धडधड आणि खिडक्या-भांड्यांची थरथर. मी जिथे वाजवते ती कोरेगाव पार्कातली दीडशे माणसांची बंदिस्त खोली आहे आणि तिथला आवाज रस्त्यावर आला तर मालकाला पहिली चिंता स्वतःच्या परवान्याची पडते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम तुमच्या फाइलीत आहेतच. रात्री १० ते सकाळी ६ या बंदीतून सभागृहासारख्या बंदिस्त जागा वगळल्या आहेत, हे कलम तुम्हीच मला एकदा मोठ्याने वाचून दाखवले होते. (त्याचा असा उपयोग होईल असे तेव्हा आपल्या दोघांनाही वाटले नव्हते.)

माझे काम नेमके काय, हे समजावण्यासाठी मला तुमच्याच कपाटावरच्या खोक्याचा आधार घ्यावा लागतो. मोती चौकात तुम्ही कॅसेट भरून घ्यायला जात असा, तेव्हा आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली वही घेऊन बसत असा. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. शेवटचे गाणे मध्येच तुटू नये म्हणून तुम्ही प्रत्येक गाण्याची मिनिटे आणि सेकंद मांडून बेरीज करत असा, आणि एका उदास गाण्यामागे दुसरे उदास गाणे येऊ नये म्हणून यादी तीन-तीनदा खोडत असा. मी पेन्सिलीला टोक काढून देत असे आणि त्याबद्दल बी बाजूचे एक गाणे माझ्या पसंतीचे असे. आजही मी हेच करते. फरक इतकाच की माझी बेरीज आदल्या रात्री पुरी होत नाही, समोरची खोली पाहून दर चार-पाच मिनिटांनी ती नव्याने मांडावी लागते.

दोन तासांना साधारण तीस ट्रॅक पुरतात, पण मी सव्वाशे घेऊन जाते. सुरुवातीला पेन ड्राइव्हवर त्यांचे कप्पे हाऊस, डिस्को, टेक्नो असे नाचाच्या संगीताच्या प्रकाराप्रमाणे केले होते आणि ऐन वेळी काहीच सापडत नसे, कारण समोर बसलेल्या माणसांना प्रकाराशी देणेघेणे नसते. आता कप्प्यांची नावे ‘दार उघडले’, ‘खुर्च्या भरल्या’, ‘पाय हलू लागले’ अशी आहेत. आणखी एक चूक म्हणजे मी यूट्यूबवरून उतरवून घेतलेली गाणी वाजवत होते. घरच्या हेडफोनवर ती बरी वाटत, पण मोठ्या स्पीकरवर त्यांचा खर्ज पोकळ आणि वरचे स्वर किरकिरे लागत. तेव्हापासून मी प्रत्येक ट्रॅक विकत घेते, शक्यतो बँडकॅम्प या संकेतस्थळावरून, कारण तिथे पैशांचा मोठा वाटा बनवणाऱ्याला मिळतो. त्यावर महिन्याला तीनेक हजार रुपये जातात. आई, हे वाचून तुझ्या भुवया वर गेल्या असतील, पण सुताराला रंधा विकत घ्यावाच लागतो.

बाबा, उरलेले तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळेल. दोन ट्रॅक एकमेकांत मिसळताना आधी लय जुळवावी लागते. हाऊसची लय मिनिटाला साधारण १२० ते १२८ ठोक्यांची असते. पण ठोके जुळले म्हणजे काम झाले असे नाही. हे संगीत चार-चार मात्रांच्या आवर्तनांनी बांधलेले असते आणि आठ किंवा सोळा आवर्तनांनी त्यात काहीतरी बदलते, म्हणून नव्या ट्रॅकची सम जुन्याच्या समेवर पडली नाही, तर ठोका चुकलेला नसूनही कान दुखावतो. त्यानंतर पट्टी पाहायची. यासाठी चोवीस पट्ट्यांचे एक चक्र वापरतात. त्यात शेजारच्या दोन पट्ट्यांचे नाते षड्ज-पंचमाचे असते, म्हणून त्या एकमेकींत सहज मिसळतात. मला हे शिकवणाऱ्या मुलाला षड्ज-पंचम भाव हा शब्द माहीत नव्हता. मी तुमची पेटी आठवून एका मिनिटात समजले. वेग सहा टक्क्यांनी वाढवला की स्वर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे पांढरी एकचे गाणे काळी एकमध्ये जाते. सेल उतरल्यावर आपल्या टेपवर गाणारी घोगऱ्या पुरुषासारखी ऐकू येत असे, त्याचाच हा उलटा प्रकार. आता वेग बदलूनही स्वर जागच्या जागी धरून ठेवणारी कळ यंत्रात असते, पण तिच्यावर फार विसंबले तर आवाजाला चरे पडतात.

हे सगळे परदेशातून आलेले खूळ आहे, असे तुम्ही म्हणाल हे गृहीत धरून एक हकीकत लिहिते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली यमन, तोडी, मालकंस असे दहा राग रोलँड कंपनीच्या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एक तबकडी काढली. तेव्हा तिच्याकडे फारसे कुणी फिरकले नाही. पुढे काही वर्षांनी शिकागोतल्या पोरांनी त्यांतलेच बासचे, म्हणजे खर्जाचे, यंत्र वापरून अ‍ॅसिड हाऊस नावाचा प्रकार उभा केला, आणि २०१० साली ही तबकडी पुन्हा निघाली तेव्हा तिची तारीख वाचून जगभरचे डीजे चक्रावले. त्यातला यमन मी दहाच्या सुमारास वाजवते. तुम्हाला पाठवते; निषाद नीट लागला आहे की नाही ते सांगा, माझ्या मनाचा विचार करून गोड बोलू नका.

आता वेळेबद्दल, कारण आईला तीच काळजी असणार. माझी वेळ रात्री नऊ ते अकराची असते. अकराला मुख्य डीजे येतो आणि तो दीडपर्यंत वाजवतो. नवख्याला नेहमी ही पहिलीच वेळ मिळते आणि ती सोपी असते असे समजून मी तिसऱ्याच रात्री माती खाल्ली. खोली लवकर भरली म्हणून मी दहा वाजताच सगळी जोरकस गाणी वाजवून टाकली; लोक नाचले, मी खूश झाले, आणि मुख्य डीजे आला तेव्हा त्याला वर चढायला जागाच उरली नव्हती. साडेअकराला निम्मी खोली थकून घरी गेली. तो मला एक शब्दही बोलला नाही, पण त्या जागेने पुढचे सहा आठवडे मला बोलावले नाही. आई, पंगतीत आधी मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढायची असताना कुणी जिलबीचे ताट घेऊन धावले, तर तू त्या वाढप्याकडे जशी पाहतेस, तसे त्याने माझ्याकडे पाहिले होते. आता मी मीठ-लिंबू नीट वाढते. लोक बोलत बसतील, पण बोट टेबलावर ठेका धरेल, इतकेच वाजवायचे आणि आवाजाचा काटा लाल रंगात जाऊ द्यायचा नाही, हे मला जमू लागले आहे, आणि खरे सांगायचे तर नाचवण्यापेक्षा मला हेच अधिक आवडते.

काम मिळवण्याची रीत मात्र मला कुणी शिकवली नाही. पहिले काही महिने मी सगळीकडे एकच मेल पाठवत राहिले. एकाचेही उत्तर आले नाही. मग एका जाणत्या डीजेने सांगितले की आधी गिऱ्हाईक होऊन जाऊन बस. म्हणून मी बुधवारी, म्हणजे रिकाम्या दिवशी, कोपऱ्यात लिंबू-सोडा घेऊन बसू लागले: कोणत्या वयाची माणसे येतात, किती वाजता बोलणे वाढते, कुठल्या गाण्याला माना वर होतात. त्यानंतर त्या जागेच्या नऊ ते दहाच्या वेळेसाठीच चाळीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून व्यवस्थापकाला दिले. तिथून पहिले बोलावणे आले तेही बदली म्हणून, ठरलेला मुलगा तापाने पडल्यावर, दोन तास आधी. मालक संगीत ऐकत नाही, तो गल्ला पाहतो. माझ्या वेळेत माणसे बिल मागवतात की बसून आणखी काही मागवतात, यावर पुढचा बुधवार ठरतो. हे ऐकायला रुक्ष वाटते, पण कंपनीतल्या वार्षिक मूल्यमापनापेक्षा मला ते प्रामाणिक वाटते.

पैशांचे स्पष्ट लिहिते, कारण बाबा, तुम्ही पत्राच्या पाठीमागे हिशेब करणारच. पहिल्या तीन रात्री फुकट वाजवले. चौथीचे अडीच हजार मिळाले, आता एका रात्रीचे पाच मिळतात आणि आठवड्यातून दोन, क्वचित तीन रात्री असतात. लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमाचे याच्या चौपट मिळतात आणि हा हंगाम लग्नसराईचा आहे. एका ठिकाणचे नऊ हजार अजून अडकलेले आहेत, म्हणून आता निम्मे पैसे आगाऊ आणि बोलणे लेखी, असा नियम केला आहे. त्याशिवाय आठवड्यातले दोन दिवस मी घरून सॉफ्टवेअर तपासणीचे जुनेच काम करते, त्यात घरभाडे निघते. वर्षभराचा खर्च बाजूला ठेवला आहे आणि तुमच्या सांगण्यावरून सुरू केलेला पीपीएफ मोडलेला नाही.

तुम्हा दोघांचा आरोग्यविमा माझ्या कंपनीतून होता, तो नोकरीबरोबर संपणार होता. मी मुदतीआधीच अर्ज करून त्याच विमा कंपनीकडे तो वैयक्तिक करून घेतला आहे. हप्ता भरला आहे आणि बाबांच्या स्टेंटची नोंद न लपवता केली आहे. नवी कार्डे कुरिअरने येतील. ती आली की जुनी टाकून द्या, दोन्ही एकत्र ठेवू नका.

आई, मी निघण्याआधी साडेसातला पोळी-भाजी खाऊनच निघते. बाहेरचे काही पीत नाही, पाण्याची बाटली माझी मी नेते आणि यंत्रापाशी ठेवते. ओळखीचा रिक्षावाला पावणेबाराला दारात असतो आणि सव्वाबारापर्यंत मी घरी पोहोचते. कंपनीतून रिलीजच्या दिवसांत मी दोनला येत असे, ते मात्र तुला कधी सांगितले नव्हते. झोप सात तास होते. उशिरा उठते म्हणून देवापुढचा दिवा दहाला लागतो, तेवढे चालवून घे.

कानांचीही काळजी घेते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. मी वाजवताना मोबाइलवर पाहत असते आणि कानांत संगीतकारांसाठीचे खास इअरप्लग घालते. गेल्या महिन्यात कानांची तपासणी करून घेतली, आलेख चांगला आला. आणि बाबा, आता तुमची पाळी. दिवाळीत टीव्हीचा आवाज चौतीसवर होता आणि तरीही बातमीदार पुटपुटतो असे तुम्ही म्हणत होता. डॉल्बीशी भांडलेल्या माणसाने स्वतःच्या कानांची तपासणी टाळावी हे बरे नाही. येत्या सोमवारी आईला बरोबर घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘वयामुळे होतं’ असे म्हणून तेथून परत येऊ नका. आई, तू गुरुवारचा उपवास कर, पण दिवसभर नुसत्या चहावर राहू नकोस आणि गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही.

मावशीला एवढ्यात काही सांगू नका. विचारलेच तर मनू घरून काम करते असे सांगा, ते निम्मे खरे आहे.

मी पुढच्या मंगळवारी सकाळच्या गाडीने येते. टेपचा पट्टा तुटल्याचे बाबा म्हणत होते, तो इथे मिळाला आहे, बरोबर आणते. तुमची ती वही कुठे आहे एवढे मात्र शोधून ठेवा. बी बाजूच्या बेरजा मला पाहायच्या आहेत. कॅसेटचे खोके कपाटावरच राहू द्या. स्टुलावर चढून काढायला जाऊ नका, मी आल्यावर काढीन.

तुमची,
मनू