फुकटच्या सर्टिफिकेटला कशाला बोल लावता?

मा. संपादक,
स.न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत टेक्नॉलॉजीच्या सदरात एक वाक्य होतं, की फुकटचं सिक्युरिटी सर्टिफिकेट (साइट खरंच त्याच पत्त्याची आहे याचा दाखला) लावलेल्या वेबसाइट्स जुन्या फोनवर उघडत नाहीत, तेव्हा अशा साइट्सवर भरवसा ठेवू नका. अहो, यातलं पहिलं अर्धं थोडंफार खरं आहे आणि दुसरं साफ चूक. आमच्या सासऱ्यांनी ते कात्रण कापून माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "तुझी ती साइट फुकटातलीच ना गं?"

फुकटातलीच. आमच्या वाचन ग्रुपची छोटीशी साइट मी सांभाळते, पुस्तकांची यादी आणि पुढची बैठक कधी एवढंच असतं तिच्यावर, आणि सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेचं आहे. 2024 संपता संपता सासऱ्यांच्या टॅबवर एक दिवस लाल त्रिकोण आला, "तुमचे कनेक्शन खाजगी नाही", आणि मी बघेपर्यंत त्यांनी ग्रुपवर टाकूनही दिलं होतं की आपली साइट हॅक झालीय!

मी आधी टॅबची तारीख बघितली, कारण बॅटरी पार उतरली की कधी कधी घड्याळ कुठल्या कुठे मागे जातं आणि मग चांगलं सर्टिफिकेटसुद्धा "अजून सुरूच झालं नाही" असं दाखवतं. तारीख बरोबर होती. मग संशय स्वतःवर घेतला, कारण मागे एकदा मी सर्व्हरवर फक्त आमचं सर्टिफिकेट चढवलं होतं, ते संस्थेच्या मूळ सर्टिफिकेटशी जोडणारा मधला दुवा राहूनच गेला, आणि लॅपटॉपवरचा ब्राउझर तो दुवा गुपचूप स्वतःच शोधून आणत होता त्यामुळे मला पत्ताच नाही, फोनवाले मात्र दोन दिवस ओरडत होते. या वेळी तेही ठीक होतं.

दुखणं होतं टॅबमध्येच. अँड्रॉइड 6. प्रत्येक फोनच्या आत एक यादी असते, कुणाची सर्टिफिकेटं मानायची त्याची. लेट्स एन्क्रिप्टनं 2015च्या शेवटी सगळ्यांना सर्टिफिकेटं द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांचं स्वतःचं मूळ सर्टिफिकेट, म्हणजे बाकी सगळी ज्याच्या भरवशावर मानली जातात ते, आयएसआरजी रूट एक्स1, कुणाच्याच यादीत नव्हतं, मग आयडेनट्रस्ट नावाच्या जुन्या संस्थेचं मूळ त्यांना जामीन राहिलं. नवीन माणसाला ओळखीच्यानं जामीन राहावं तसंच. त्या जामीनदाराची मुदत 30 सप्टेंबर 2021ला संपणार होती, आणि एक्स1 यादीत आलं ते अँड्रॉइड 7.1.1 पासून. त्याच्या आधीच्यांचं काय? आणि ते काही चार-दोन फोन नव्हते, 2020 मध्ये लेट्स एन्क्रिप्टनंच सांगितलं होतं की जवळजवळ तिसरा हिस्सा, 33.8 टक्के अँड्रॉइड, 7.1च्या खालचे आहेत.

यातून त्यांनी काढलेली वाट मला अजूनही भारी वाटते. अँड्रॉइड आपल्या यादीतल्या मूळ सर्टिफिकेटची मुदत संपलीय का ते बघतच नाही! म्हणून मुदत संपत आलेल्या त्याच जामीनदाराकडून त्याच्या मुदतीनंतरही तीन वर्षं चालणारी सही घेतली आणि जुने फोन चालत राहिले. गंमत म्हणजे त्याच सहीमुळे ओपनएसएसएल या सर्टिफिकेट तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची 1.0.2सारखी जुनी व्हर्जन्स असलेले काही सर्व्हर अडकले, कारण ते मुदत बघतात आणि दुसरा रस्ता शोधत बसत नाहीत. असो. ती तीन वर्षं 30 सप्टेंबर 2024ला संपली आणि सासऱ्यांचा टॅब रुसला.

आता यात फुकटचा दोष कुठे आला सांगा. उद्या पैसे घेणाऱ्या एखाद्या संस्थेनं नवीन मूळ काढलं तर या टॅबला तेही ओळखता येणार नाही. आणि फुकटचं असो की विकतचं, मधे कुणी वाचू नये म्हणून जे कुलूप लागतं ते तेवढंच पक्कं असतं. साध्या सर्टिफिकेटचा अर्थ इतकाच की हा पत्ता ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच ते मिळालंय, माणूस सज्जन आहे की नाही ते कुठलंच कुलूप सांगत नाही, फसवणाऱ्यांच्या साइटवरही ते असतंच.

माझा राग आहे तो टॅब बनवणाऱ्यांवर. दोन वर्षांत अपडेट बंद केले, आणि ही यादी अपडेटच्याच पोटात बांधलेली, म्हणजे स्क्रीन धड, बॅटरी धड, फक्त ओळखी जुन्या राहिल्या म्हणून वस्तू निकालात काढायची? 2023च्या अँड्रॉइड 14 पासून ही यादी प्ले स्टोअरमधून वेगळी अपडेट करता येते म्हणे, छान झालं, पण ज्यांना गरज होती ते फोन तिथवर पोचणारच नव्हते.

मी त्या दिवशी टॅबवर फायरफॉक्स टाकलं, ते स्वतःची यादी बरोबर घेऊन येतं, आणि साइट पहिल्या झटक्यात उघडली. अर्थात ब्राउझरपुरतंच, बाकीची अ‍ॅप्स टॅबचीच यादी बघतात. सेटिंगमध्ये जाऊन मूळ सर्टिफिकेट हातानंही टाकता येतं, पण कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवली म्हणून कृपा करून टाकू नका, ज्याचं मूळ तुम्ही मानलं तो तुम्हाला खोटी साइट खऱ्या कुलपासकट दाखवू शकतो.

त्यापेक्षा वाईट म्हणजे सासऱ्यांनी तोवर "प्रगत" दाबून तसंच पुढे जायचं शोधून काढलं होतं. आमच्या साइटवर एक वेळ ठीक, चोरण्यासारखं आहे काय तिथे, पण बोटाला सवय लागली की बँकेच्या पानावरही तेच होणार ना.

तेव्हा पुढच्या रविवारी त्या सदरात दुरुस्ती छापा, कोणत्या व्हर्जनखालचे फोन अडतात आणि काय करायचं ते चार ओळीत. सासऱ्यांनी तुमचं कात्रण फ्रिजवर चिकटवून ठेवलंय, मला त्याच्या शेजारी लावायला काहीतरी हवंय.

आपली,
एक नियमित वाचक