दीपकला, साखरपुड्याआधी

शहादा

चि. दीपक यास अनेक आशीर्वाद.

परवा तू बोलता बोलता फोन ठेवून दिलास. आई म्हणाली, चार दिवस पोराच्या मागे लागू नका. म्हणून लिहितोय. मुलगी आम्हाला पसंत आहे. बँकेत नोकरीला, आपल्या नवापूरकडची. आईने आक्काला बोलावून फोटो दाखवला. मला फक्त तिच्या रक्ताच्या, सिकलसेलच्या रिपोर्टचं विचारायचं होतं. ते आता विचारत नाही.

तू सिकलसेलचा वाहक आहेस, एएस, म्हणजे एक जनुक चांगलं, एक सिकलचं. त्याने तुझं काही अडलं नाही, भरतीला पोरांत पहिला धावलास. ती एए, म्हणजे दोन्ही जनुकं चांगली, निघाली तर मूल फार तर तुझ्यासारखं वाहक होईल, सिकलचं आजारी नाही. पण तीही एएस असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका. प्रत्येक म्हणजे प्रत्येक! एक आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नानाने धरलं होतं. त्याच्या तिघांत दोघं एसएस, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलची, आजारी. दर वेळी हिशोब नव्याने सुरू होतो, मागचं काही वजा होत नाही. मास्तरकीची खोड जात नाही बघ, राग मानू नको.

तुझी थोरली बहीण मंगल तुला आठवणार नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायचे म्हणून हटून बसली होती. दत्तजयंतीची थंडी, तापीवरचा वारा. मी खांद्यावर घेऊन तिला घोडेबाजारात फिरवलं. पांढरा घोडा नाचायला लागला तशी माझे केस धरून खिदळत होती. रात्री गुडघे, कोपरं धरून जी रडायला लागली ती थांबेना. डोळे पिवळे. कुणी वात म्हणालं, कुणी नजर. आई विटा तापवून फडक्यात गुंडाळून शेकत राहिली. थंडीने, पाणी कमी पडल्याने तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आता गोळ्या आहेत. हायड्रॉक्सियुरिया घेऊन नानाची बेबी कॉलेजला जाते. दोघं वाहक निघालात तरी लग्न मोडा असं मी म्हणणार नाही. दिवस राहिल्यावर सुरुवातीच्या महिन्यांतच गर्भाची तपासणी होते, पण त्यासाठी आधी माहीत असावं लागतं.

नुसती सोल्युबिलिटी, ती रक्ताची झटपट चाचणी, करू नका. त्या चाचणीत सिकल आहे एवढंच कळतं, एएस की एसएस ते नाही. आणि पोरगी थॅलेसेमियाची, म्हणजे रक्ताच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराची, वाहक असेल तर ही चाचणी निगेटिव्हच येते. ते आणि तुझं सिकल एकत्र आलं तरी मूल आजारी होतं. इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी करा, त्यांत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे दिसतात.

बघ, विचारणार नाही म्हणालो होतो.

तिच्या घरी मी हा विषय काढणार नाही. पोरीत खोट काढतात असं त्यांना वाटायचं. तूच तिला सांग, आधी स्वतःचं. तुझं आश्रमशाळेतलं सिकल तपासणीचं कार्ड आईच्या पेटीत सापडलं, कुरियरने पाठवतोय. आखाजीला साखरपुडा धरायचा का, आई विचारतेय. रिपोर्ट त्याआधी येईल असं बघ.

तुझे बाबा