गोळ्यांत झाड जगतं, पण पाणी कुठलं ते आधी पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरातल्या कुंड्यांमधली माती काढून टाका, तिथे भाजक्या मातीचे गोळे भरा आणि मग पंधरा-पंधरा दिवस झाडाकडे फिरकूही नका, असा सल्ला आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. आमच्या घरातली निम्मी झाडं याच गोळ्यांत आहेत, त्यामुळे गोळ्यांची बाजू घ्यायला माझी काहीच हरकत नाही. सल्ल्याच्या उत्तरार्धाबद्दल मात्र लिहायला हवं. गोळे कसे दिसतात, काचेचं भांडं कुठे शोभतं, सोफ्याच्या रंगाशी काय जुळतं, हे सगळं लेखात आहे. पाणी कुठलं घालायचं याबद्दल एक ओळ नाही. मी नोकरीची सगळी वर्षं जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काढली, म्हणून माझं लक्ष नेमकं तिथे गेलं असेल. पण झाडाचंही लक्ष तिथेच असतं.

नर्सरीत 'क्ले बॉल' किंवा 'लेका' म्हणून मिळणारे हे गोळे म्हणजे चिकणमातीच. फिरत्या भट्टीत सुमारे १२०० अंश सेल्सिअसला ती भाजतात, आतल्या वायूमुळे ती फुगते, बाहेर कडक कवच आणि आत असंख्य पोकळ्या तयार होतात. हा शोध मुळात बागेसाठी लागलेला नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या स्टीफन हेड या वीट उत्पादकाने १९१८ साली अशा फुगवलेल्या खड्यांचं पेटंट घेतलं ते हलक्या काँक्रीटसाठी, आणि त्या काँक्रीटची चक्क जहाजं बांधली गेली. गोळे कुजत नाहीत, धुऊन, उकळून पुन्हा वापरता येतात, हे खरं. पण लेखात त्यांना पर्यावरणपूरक म्हटलंय, तेव्हा १२०० अंशांची भट्टी काही उन्हावर चालत नाही एवढं लक्षात असू द्यावं.

मातीविना झाड वाढवणं हेही काल-परवाचं खूळ नाही. जर्मनीत सॅक्स आणि नॉप या शास्त्रज्ञांनी १८६०च्या सुमारास नुसत्या क्षारांच्या द्रावणात रोपं वाढवून दाखवली. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्यांना नॉपचं द्रावण आठवत असेल. आपल्याकडे १९४६पासून शोल्टो डग्लस या संशोधकाने बंगालमधल्या कालिंपाँगच्या परिसरात खडी आणि वाळूत भाजीपाला पिकवण्याचे प्रयोग केले, ते 'बंगाल पद्धत' म्हणून जगभर माहीत झाले. या सगळ्यांनी जीव लावला तो खडीवर नाही, पाण्यात काय आणि किती विरघळवायचं यावर.

आमच्याकडे गोळे सूनबाईंनी आणले ते चिलटांना कंटाळून. पावसाळ्यात कुंडीतली माती आठ-आठ दिवस वाळत नाही, ओलसर मातीतल्या बुरशीवर चिलटांच्या अळ्या पोसतात आणि संध्याकाळी दिव्याखाली जेवायला बसलं की ताटात चिलटं. गोळ्यांत कुजणारं काही नसतं, त्यामुळे ती खरंच गेली. मुळांना हवाही मिळते. नर्सरीतली कुंडी पाहा, लाल माती अशी ठेचून भरलेली असते की चार पावसांत तिची वीट होते. मनीप्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, अँथुरियम, पीस लिली ही मंडळी गोळ्यांत सुखात राहतात. भांडंभर गोळे, तळाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत पाणी, आणि गोळ्यांतून वर चढणाऱ्या ओलीवर मुळं. इथपर्यंत लेखाशी माझं भांडण नाही.

आता पाणी. माती पुष्कळ चुका पोटात घालते. क्षार धरून ठेवते, आम्लता-अल्कता सहजी हलू देत नाही, तिच्यातले जिवाणू खताचं झाडाला पचेल असं रूपांतर करतात. गोळे यातलं काहीच करत नाहीत. भांड्यात जे ओताल तेच मुळापाशी पोचणार. आणि पुणे-पिंपरीच्या कडेच्या नव्या वस्त्यांत नळाला काय येतं? बोअरचं किंवा टँकरचं पाणी. धरणाचं पाणी मवाळ असतं, बोअरचं जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं. जड पाणी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरे डाग धरतात, आणि तूरडाळ तीन शिट्ट्यांनंतरही दाण्याला दाणा वेगळी राहते. ज्या पाण्यात तुमची डाळ शिजत नाही, त्या पाण्यात गोळ्यांतलं झाड फार दिवस हिरवं राहणार नाही.

कारण साधं आहे. वरच्या गोळ्यांवरून पाणी उडून जातं, क्षार तिथेच बसतात. महिन्याभरात पांढरी साय धरते. ती बुरशी नव्हे, पुष्कळ जण घाबरून बुरशीनाशक मारतात! शिवाय जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे सामू, म्हणजे आम्लता-अल्कतेचा आकडा (पीएच), वर जातो. या झाडांना तो साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान लागतो. सातच्या वर गेला की लोह पाण्यात असूनही मुळांना उचलता येत नाही. मग कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक समजतात खत कमी पडलं, आणखी खत घालतात, क्षार आणखी वाढतात.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आय. एस. १०५००मध्ये, विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पाणी पिण्याला चालतं म्हणून गोळ्यांना चालेल असं नाही. झाडाला द्यायचं सौम्य खताचं द्रावणच जेमतेम पाचशेच्या आसपास असतं. पाण्यातच सातशे-आठशे असतील तर खताला जागा उरते कुठे? क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र हल्ली स्वस्तात मिळतं. गोळ्यांची पिशवी घेण्याआधी ते घ्यावं.

शेजारणी विचारतात, पाणी रात्रभर उघडं ठेवून घातलं तर? त्याने क्लोरीन उडतो, जडपणा नाही. आणि नळाच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास असणाऱ्या क्लोरीनने झाडाचं काही बिघडत नाही. त्या बिचाऱ्यावर उगाच आळ येतो. लिंबू पिळून सामू उतरवण्याचा उपायही मी ऐकलाय. चार दिवसांत सामू पुन्हा वर आणि भांड्यात बुळबुळीत थर, एवढंच त्यातून निघतं.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो आर. ओ. यंत्राच्या टाकाऊ पाण्याचा. पाणी वाचवायचं म्हणून घराघरांत ते बादलीत धरतात आणि झाडांना घालतात. हेतू उत्तम. पण त्या नळीतून नेमके तेच क्षार बाहेर येतात जे यंत्राने तुमच्या पेल्यातून काढले, म्हणजे मूळ पाण्यापेक्षा जास्त जड पाणी. गॅलरीतल्या कुंडीला ते एकवेळ चालतं, कारण पावसाळ्यात माती धुऊन निघते. दिवाणखान्यातल्या काचेच्या भांड्यावर पाऊस कधीच पडत नाही. ते पाणी फरशी पुसायला, संडास धुवायला वापरा. गोळ्यांना पावसाचं पाणी, ए. सी.च्या नळीचं पाणी किंवा धरणाच्या नळाचं पाणी द्या. नाहीच जमलं तर आर. ओ.चं गाळलेलं पाणी बोअरच्या पाण्यात अर्धं-अर्धं मिसळा. आणि महिन्यातून एकदा भांडं रिकामं करून गोळ्यांवरून स्वच्छ पाणी भरपूर सोडा. देखभालीविना म्हणतात ते इथे संपतं.

खताचंही तसंच. कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ची (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) पुडी सहज मिळते, ठिबकवाले शेतकरी वापरतात. पण तिच्यातलं निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतं. युरिया आधी मातीतल्या जिवाणूंनी फोडायचा असतो. स्वच्छ धुतलेल्या गोळ्यांत ते काम करायला पुरेसे जिवाणू कुठून येणार? त्या पुडीत कॅल्शियमही नसतं. हायड्रोपोनिक्ससाठीचं, म्हणजे मातीविना शेतीसाठीचं, नायट्रेटवर भर असलेलं खत घ्यावं आणि सांगितलेल्या मात्रेच्या पाव भागाने सुरुवात करावी. कॅल्शियम नायट्रेट वेगळं घेत असाल तर त्याचं घट्ट द्रावण सल्फेट-फॉस्फेटच्या द्रावणात थेट ओतू नका, तळाशी पांढरा गाळ बसतो आणि पैसे गाळात जातात. शेणखत, गांडूळखत, जीवामृत, चहाचा चोथा, तांदळाचं धुवण या मातीच्या गोष्टी आहेत. गोळ्यांत त्या नुसत्या आंबतात आणि पाहुण्यांसमोर घरभर वास सुटतो.

झाड मातीतून काढण्याची कृती लेखात दोन वाक्यांत उरकली आहे, म्हणून थोडं सांगते. आधी गोळे धुवा, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत, आणि मग एक दिवस भिजत ठेवा. झाड कुंडीतून काढून मुळांचा गड्डा कोमट पाण्याच्या बादलीत सोडा, माती आपोआप सुटू द्या, ओढाताण नको. नर्सरीच्या अँथुरियम, अॅग्लोनिमाच्या मुळांशी कोकोपीट भरलेली छोटी जाळीची पिशवी असते, ती शोधून कात्रीने हळूच काढा. राहिली तर तिथेच कुज धरते. काळी, मऊ पडलेली मुळं कापा. मातीत वाढलेली मुळं पाण्याजवळ सगळी टिकत नाहीत, त्यांची जागा जाड, पांढरी नवी मुळं घेतात, आणि ती येईपर्यंत झाड रुसून बसतं. दोन-चार पानं जातात. या काळात पाणी तळाच्या चौथ्या हिश्शापर्यंतच ठेवा आणि खत अजिबात नको. स्नेक प्लांट आणि झीझीचे कंद पाण्याच्या पातळीच्या वर राहायला हवेत. जेड, अडेनियम यांना या भानगडीत ओढू नका. मोगरा, जास्वंद, गुलाब आणि तुळशीलाही मातीतच राहू द्या.

खरं तर वाढलेलं झाड उपटायची गरजच काय? मनीप्लांटचा किंवा सिंगोनियमचा डोळा असलेला तुकडा पाण्यात ठेवा, मुळं फुटली की थेट गोळ्यांत लावा. त्याला मातीची सवयच नसते. एका मध्यम कुंडीला लागणारे गोळे आतल्या मनीप्लांटपेक्षा महाग पडतात, तेव्हा पहिला प्रयोग फुकटच्या तुकड्यावर केलेला बरा.

एक विनंती सोसायट्यांच्या वतीने. हे सगळं धुणं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करू नका. गोळ्यांची पूड आणि कुंडीतली माती नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या वळणात, बसते आणि घट्ट होते. कोरडे गोळे पाण्यावर तरंगतात, जाळी नसेल तर थेट पाइपात जातात. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर मोरीतून पाणी उलटं आलं तेव्हा प्लंबरने पाइपातून काढलेले तपकिरी गोळे बघायला सगळा जिना जमला होता. धुणं बादलीत करावं आणि ते पाणी, ती माती आवारातल्या झाडाच्या आळ्यात टाकावी.

आणि डास. मुळं पावसाच्या सुरुवातीला चांगली धरतात, कारण हवा दमट असते आणि पानांवाटे पाणी कमी उडतं. म्हणजे झाडं गोळ्यांत हलवायचा हंगाम आणि डेंग्यूचा हंगाम एकच. पालिकेचे कर्मचारी तपासणीला येतात तेव्हा फ्रिजच्या मागचा ट्रे आणि मनीप्लांटची बाटली आधी बघतात, ते उगाच नाही. एडिस डास अंडी घालतो ती पाण्याच्या लगत वर, भांड्याच्या ओल्या भिंतीवर. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, आणि पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास उडतो. गोळे पाण्याच्या बरेच वर असतील तर डासाला वाट अवघड होते, बंद होत नाही. जाळीच्या कुंडीत गोळे आणि बाहेर भांडं अशी जोडी ठेवली तर आठवड्यातून एकदा आतली कुंडी उचलून पाणी बदलता येतं. भांड्याची आतली कड मात्र घासणीने घासायलाच हवी, नुसतं विसळून अंडी निघत नाहीत. पंधरा दिवस फिरकूच नका हा सल्ला जुलै-ऑगस्टमध्ये कुणी पाळू नये, एवढी एक दुरुस्ती तरी पुरवणीने ठळक छापावी.

गोळे विकणाऱ्यांनीही पिशवीवर दोन ओळी छापायला हरकत नाही: यात पोषण नाही, आणि जड पाणी वापरू नका. पुरवणीत पुढचा लेख पाण्यावर काढणार असाल, तर घरच्या घरी जडपणा तपासायची सोपी रीत लिहून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
वाघोली, पुणे