दोन दाखले गेले आणि शाळेचे पंधरा हजार गेले: शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा. तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या नोकरीत गेली, त्यातली शेवटची आठ डोंगराळ भागातल्या एका केंद्रात. निवृत्त झालो तरी आमच्या वाडीतल्या शाळेत जाणं सुटलेलं नाही. वर्षअखेरीला मुख्याध्यापिका बाईंच्या शेजारी बसून पावत्या लावतो, कीर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, तपासून देतो. ती कीर्द समोर उघडी ठेवून हे पत्र लिहीत आहे.

शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. पट ३१ होता. जूनमध्ये एका पालकाला चाकणला कंपनीत काम मिळालं, बिऱ्हाड हललं आणि दोन भावंडांचे दाखले गेले. पट २९ वर आला. आता समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेतून शाळेच्या किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानाचे टप्पे पाहा. ३० पटापर्यंत वर्षाला १० हजार, ३१ ते १०० पटाला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख. म्हणजे दोन लेकरं गावाबाहेर गेली आणि शाळेची वर्षाची रक्कम २५ हजारांवरून १० हजारांवर आली.

त्या दोन मुलांबरोबर शाळेचा कोणता खर्च कमी झाला, हे मी कीर्दीत शोधलं. चार वह्या, थोडे खडू, दोन मुलांचं प्रगतिपत्रक. बाकी सगळं जिथल्या तिथे. विजेचं बिल तेवढंच; मे महिन्यात शाळेला कुलूप असतं, एक दिवा लागत नाही, तरी स्थिर आकार येतोच. पाण्याच्या टाकीचा नळ तेवढाच गळतो. हजेरीपत्रक एका मुलाचं असो की तीस मुलांचं, विकत घ्यावंच लागतं. प्रिंटरची शाई संपते ती मुलांमुळे कमी आणि वरून मागवलेल्या माहितीमुळे जास्त.

आणि आमच्याकडचा पाऊस. जुलैत दक्षिणेकडच्या खोलीत तीन ठिकाणी पाणी गळतं. बाई बादल्या लावतात आणि पहिली-दुसरीची मुलं व्हरांड्यात घेतात. वानरांनी फोडलेली कौलं दरवर्षी शाकारावी लागतात, त्याची मजुरी पट बघून ठरत नाही. या अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण १० हजारांचे १० टक्के म्हणजे वर्षाला १ हजार, महिन्याला ८३ रुपये. मुलींच्या स्वच्छतागृहाला फिनेल, झाडू, साबण आणि कधीमधी तुंबलेली मोरी काढणारा माणूस, हे सगळं ८३ रुपयांत बसवायचं. बाई ते बसवतात, कारण उरलेले पैसे त्या स्वतःच्या पगारातून घालतात. त्याची पावती कीर्दीत लागत नाही, म्हणून आपल्यापर्यंत तो आकडा कधी पोहोचत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. पहिलं मूल उंबरठ्याच्या आत येण्याआधीच शाळेला खर्च सुरू झालेला असतो. छप्पर, वीज, पाणी, स्वच्छतागृह, कुंपण हा इमारतीचा खर्च आहे आणि आपण तो डोकी मोजून देतो. मोजतो तेही टप्प्याटप्प्याने, त्यामुळे हिशेब विचित्र होतो. ३१ पटाच्या शाळेला मुलामागे ८०० रुपये, ३० च्या शाळेला ३३३, १०० च्या शाळेला २५० आणि बरोबर हजार मुलं असतील तर मुलामागे ७५ रुपये. यातला कोणता आकडा मुलाच्या गरजेवरून आला आहे? मोठ्या शाळेवरही हा अन्यायच आहे.

मागणी साधी आहे. टप्पे काढून टाका. प्रत्येक शाळेला एक ठरावीक पायाभूत रक्कम द्या, पट कितीही असो. तिच्यावर मुलामागे ठरावीक दर द्या. समजा पाया १५ हजार आणि मुलामागे २०० रुपये धरले, तर २९ पटाच्या शाळेला २०,८०० मिळतील आणि ३१ च्या शाळेला २१,२००. दोन दाखले गेले तर ४०० रुपये कमी होतील, आणि ते पटण्यासारखं आहे. नेमके आकडे वित्त विभागाने ठरवावेत. अतिवृष्टीच्या आणि दुर्गम भागासाठी, दिव्यांग मुलांसाठी वेगळी भर घालावी. पट धरतानाही एका वर्षाचा न धरता तीन वर्षांची सरासरी धरावी.

असं सूत्र कुठे चालतं का, असं आपले अधिकारी विचारतील. माझी मुलगी कॅलिफोर्नियात राहते, नातू तिथल्या सरकारी शाळेत जातो. गेल्या वर्षी तिच्याकडे होतो तेव्हा तिथली पद्धत समजून घेतली. २०१३ पासून त्या राज्यात प्रत्येक शालेय जिल्ह्याला इयत्तेनुसार मुलामागे मूळ दर मिळतो. गरीब घरातलं, इंग्रजी नव्याने शिकणारं किंवा सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या घरी वाढणारं (फॉस्टर) मूल असेल तर त्याच्यासाठी त्या दराच्या २० टक्के जादा. अशा मुलांचं प्रमाण ५५ टक्क्यांच्या वर गेलं तर आणखी भर. दूरवरच्या छोट्या शाळांसाठी स्वतंत्र तरतूद आहे, कारण त्या शाळा पटावर चालूच शकत नाहीत हे तिथल्या सरकारने मान्य केलं आहे. तिथलं सगळंच उचलावं असं मी म्हणत नाही. ते सरासरी दैनिक हजेरीवर पैसे देतात, आणि आमच्याकडे भातलावणीत निम्मी मुलं शेतावर असतात, तो निकष इथे आणला तर शाळाच बुडेल. पण गरज जास्त तिथे दर जास्त, हे तत्त्व घेण्यासारखं आहे.

दुसरं उत्तर मला पाठ आहे: निकष दिल्लीचे आहेत. खरं आहे, समग्र शिक्षेत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असतात. पण आपल्या तिजोरीतून छोट्या शाळांना पायाभूत रक्कम द्यायला महाराष्ट्राला कोणी अडवलेलं नाही.

तिसरं उत्तर समूह शाळेचं, म्हणजे छोट्या शाळा मिटवून त्यांची मुलं एका मोठ्या शाळेत आणण्याचं. राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या चौदा हजारांवर शाळा आहेत असं सांगत २०२३ मध्ये तो विचार पुढे आला. देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. त्या आयोगाने १९६६ च्या अहवालात शाळासंकुलाची कल्पना मांडली होती. आसपासच्या शाळांनी ग्रंथालय, प्रयोगशाळा, साहित्य एकमेकांना वापरू द्यायचं, असं ते संकुल होतं. वाडीतली शाळा मिटवून सहा वर्षांच्या पोराला ओढा ओलांडून जीपमध्ये बसवणं हे संकुल नव्हे. शिक्षण हक्क कायद्याखाली आपल्याच राज्याने प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असं ठरवलं आहे.

आता पैसे कधी येतात ते. जूनला शाळा भरते तेव्हा खात्यावर शून्य असतं. कौलं, खडू, वह्या सगळं तेव्हाच लागतं. माझ्या केंद्रातल्या कीर्दी पाहिल्या तर अनुदान बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेलं दिसतं, तेही हप्त्याने. मग ३१ मार्चच्या आत खर्च करा, नाहीतर मंजूर रक्कम (लिमिट) परत. छप्पर शाकारायचं जूनच्या आधी आणि पैसे आले मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, तेव्हा बाई दुकानदाराकडून जे मिळेल ते आणतात. परवा कपाटात डस्टरचे चार खोके पाहिले. एकही उघडलेला नव्हता. त्याच खोलीच्या भिंतीला गेल्या पावसाची ओल अजून आहे.

पायाभूत रक्कम १ जूनला शाळेच्या खात्यात पडली, तर ती ओल थांबेल. मुलामागचे पैसे नंतर आले तरी चालतील.

बाईंची आणि शाळा व्यवस्थापन समितीची परवानगी मी घेतली आहे. गेल्या पाच वर्षांच्या कीर्दी, पावत्यांसकट, आपण सांगाल त्या दिवशी मंत्रालयात घेऊन येतो. मात्र शक्य असेल तर आपणच जुलैत एकदा या. बादल्या कुठे कुठे लावतात ते पहिलीतली पोरंसुद्धा दाखवतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त केंद्रप्रमुख