हौशी मासेमारीसाठी दिवसाची पावती हवी

मा. संपादक,
स. न.

सातारा जिल्ह्यातील धरणांच्या जलाशयांवर हौसेने गळ टाकणाऱ्या माणसाला रीतसर पावती घेऊन, ठरलेल्या नियमांत राहून मासे धरता यावेत, आणि त्या पावतीचे पैसे जलाशयाचा ठेका असलेल्या मच्छीमार सहकारी संस्थेला व तिथल्या मत्स्यसंवर्धनाला मिळावेत, अशी मागणी मी या पत्राद्वारे करीत आहे.

आमची मुलगी नोकरीनिमित्त अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरी राहते. मे महिन्यात, म्हणजे तिकडे वसंत ऐन भरात असताना, मी तिच्याकडे गेलो होतो. शहराच्या वस्तीतच असलेल्या विंग्रा तळ्यावर तिने मला फ्लाय फिशिंग शिकवले. आपल्या गळाला शिशाचे वजन असते आणि त्या वजनाने दोरी लांब जाते. या प्रकारात आमिषाला वजनच नसते, म्हणून जाड, जड दोरी हवेत मागेपुढे खेळवून फेकावी लागते. मागे गेलेली दोरी पुरती सरळ होईपर्यंत हात थांबवायचा असतो, आणि तो थांबवणे हेच सर्वांत अवघड. आमिष म्हणजे गळाला चिकटवलेला बुचाचा इवलासा तुकडा, त्याला रबराचे पाय आणि मागे पिसांची शेपटी. पाण्यावर पडल्यावर क्षणभर तसेच राहू द्यायचे आणि मग दोरीला हलका हिसका द्यायचा. खालून ब्लूगिल येतो आणि ते ओढून नेतो. मासा तळहाताएवढा, तोंड लहान, पण दोरीवर आला की पाण्यात गोल गोल फिरत चांगली झुंज देतो.

पाणी साधारण 20 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की ब्लूगिलचे नर काठालगतच्या उथळ पाण्यात येतात, शेपटीने तळातला गाळ झाडून परातीसारखे खोलगट खळगे करतात आणि मादीने अंडी घातल्यावर त्यांची राखण करतात. असे खळगे एकमेकांना लागून असतात. राखणीवरचा नर जवळ येणाऱ्या कशावरही धावून जातो, त्यामुळे या दिवसांत तो गळाला सहज लागतो, आणि नेमका म्हणूनच तिथे संयम लागतो. मोठे नर काढून नेले की इतर मासे अंडी फस्त करतात. शिवाय लहान नर कमी वयातच वयात येऊन खुरटे राहतात आणि काही वर्षांत तळ्यात मोठा मासा दिसेनासा होतो. मुलगी मोठा नर आला की हात ओला करून त्याला धरी, काटा सोडवी आणि पाण्यात सोडून देई. घरी न्यायला मधल्या आकाराचे चार मासे तिला पुरेसे वाटत.

हे तिच्या एकटीच्या चांगुलपणावर सोडलेले नाही. त्या राज्यात 16 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो. माझ्यासारख्या पाहुण्यालाही चार दिवसांचा परवाना मिळतो. अशा लहान माशांसाठी दिवसाला 25 ची सर्वसाधारण मर्यादा आहे आणि काही निवडक तळ्यांवर ती आणखी कमी केलेली आहे. तिकडे 1950 च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने काठ्या, रीळ आणि गळ यांच्या उत्पादकांकडून घेतलेला कर राज्यांच्या मत्स्यखात्यांकडे जातो, आणि परवान्याचे पैसे दुसऱ्या कामाला वळवणाऱ्या राज्याला त्यातला वाटा मिळत नाही. गळ टाकणाऱ्याचा पैसा माशांकडेच परततो, ही व्यवस्था मला फार मोलाची वाटली.

यंदा चैत्रात मुलगी साताऱ्याला आली, तेव्हा वेण्णेवरील कण्हेरच्या जलाशयावर जावे असे दोघांनाही वाटले. तिथे ठेका असलेल्या संस्थेच्या माणसाने आम्हांला अडवले. त्याचे म्हणणे रास्तच होते, कारण पाण्यात बीज सोडण्याचा खर्च संस्था करते. पण पावती द्या म्हटले तर द्यायला पावती नव्हती, आणि नंतर एका कार्यालयात चौकशी केली तेव्हा हौशी माणसाने अर्ज कुणाकडे करायचा, हेही तिथल्या टेबलावर कुणाला सांगता आले नाही.

त्या दिवशी काठाने चालताना, ओसरलेल्या पाण्याने उघड्या पडलेल्या गाळात चिलापीचे गोल खळगे आम्हांला जागोजागी दिसले. चिलापीचा नरही ब्लूगिलप्रमाणेच खळगा करतो. मादी मात्र अंडी तोंडात घेऊन निघून जाते आणि पिलांनाही तोंडातच सांभाळते. आफ्रिकेतला हा मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला, आणि आज आपल्या अनेक तलावांत त्याची संख्या इतकी झाली आहे की इतर माशांना अन्न आणि जागा कमी पडते. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून कुणी दिवसभर चिलापी धरली, तर जलाशयाचे काही बिघडणार नाही, उलट भलेच होईल. म्हणून चिलापीला संख्येची मर्यादा नको. महाशीर मात्र गळाला लागला तर तो जिवंत सोडण्याची सक्ती असावी. सह्याद्रीतल्या नद्यांचा हा मासा टिकावा म्हणून लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरला कित्येक दशके त्याची पैदास करून बीज सोडावे लागले आहे, हे विसरून चालणार नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीचे तीन महिने पावती अजिबात देऊ नये. पहिल्या लोंढ्याबरोबर ओढ्यांतून वर निघालेले चढणीचे मासे गाभोळीने भरलेले असतात, आणि बुट्ट्या-जाळ्या लावून तेच धरण्याची आपली जुनी हौस नदीला महाग पडत आहे.

हौशी लोक आले तर भोई बांधवांच्या पोटावर पाय येईल, अशी शंका कुणी घेईल. म्हणूनच पावतीपुस्तक संस्थेच्याच हाती असावे, दर तिनेच ठरवावा आणि धरलेला मासा विकण्यास पूर्ण मनाई असावी. काठावर पावतीधारक माणसे बसलेली असली की सुरुंग लावणाऱ्यांवर आणि पाण्यात विष टाकणाऱ्यांवर आपोआप नजर राहील. या दोन्ही गोष्टी 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहेत.

आणखी एक गोष्ट मनापासून लिहितो. परगावी स्थायिक झालेली मुले घरी येतात तेव्हा त्यांचे दिवस बँकेची कामे, तपासण्या आणि नातेवाइकांच्या भेटी यांत संपतात. तळ्याच्या काठी मात्र आम्ही बापलेक अर्धा अर्धा दिवस शेजारी उभे राहिलो आणि तिच्या नोकरीतल्या अडचणी, माझी तब्येत, तिच्या आईच्या आठवणी असे एरवी फोनवर निघत नाही ते सारे निघाले. साताऱ्यातल्या घरोघरच्या आईवडिलांना हे आपल्याच पाण्यावर मिळावे, असे मला फार वाटते.

सुरुवात एकट्या कण्हेरवर, चैत्र ते मेअखेर, एका हंगामापुरती करून पाहता येईल. त्याआधी संस्थेच्या सभासदांचे म्हणणे ऐकावे. आपल्या वार्ताहरांनी मत्स्यव्यवसाय विभागाकडे याबाबत विचारणा करून मिळालेले उत्तर याच सदरात छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा