कार्पोला ‘अकादमिक’ म्हणून मोडीत काढू नका

मा. संपादक, स. न.

रविवारच्या पुरवणीत पॅरिसमधल्या शिल्पांवरचा लेख वाचला. शिल्पकार रोदँच्या आधीची सगळी मंडळी फ्रान्सच्या कला अकादमीच्या साच्यातली, काम गुळगुळीत पण निर्जीव, असा त्याचा सूर. झां-बाप्तिस्त कार्पो या फ्रेंच शिल्पकाराचे नावही त्याच पंगतीत बसवलेले दिसले, म्हणून हा पत्रप्रपंच.

व्हालेन्सिएनच्या गवंड्याचा हा मुलगा (१८२७-१८७५). १८५४ मध्ये ‘प्री द रोम’, म्हणजे रोमच्या फ्रेंच अकादमीत राहून शिकण्याची शिष्यवृत्ती, मिळवून त्याने अकादमीचा सर्वात मोठा मान पटकावला. पण रोममधल्या अखेरच्या कामासाठी विषय घेतला इटालियन कवी दान्तेच्या काव्यातला उगोलिनो, मुलानातवंडांसह बुरुजात कोंडून उपाशी मारलेला सरदार! विषय ग्रीक-रोमन किंवा बायबलमधला आणि आकृत्या मोजक्या, हा तिथला दंडक. याने पाच देह एकमेकांत गुंतवले. संचालकांना ते रुचले नाही, पण गडी हटला नाही. उगोलिनो स्वतःची बोटे चावतोय, ते सगळ्यांना दिसते; त्याचे पाय मात्र जरूर पाहावेत. एका पायाची बोटे दुसऱ्यावर अशी आवळली आहेत की चेहरा झाकला तरी बापाची तगमग कळावी. हा हात अकादमीतच घटवला जातो, हे कलाशिक्षकाला तरी सांगावे लागत नाही.

पॅरिसच्या ऑपेरागृहाच्या दर्शनी भागासाठी केलेले ‘नृत्य’ हे शिल्प १८६९ मध्ये लोकांपुढे आले. वास्तुकार गार्निए यांना थोड्याच आकृत्या हव्या होत्या. कार्पोने डफ उंचावलेल्या तरुणाभोवती नग्न स्त्रियांचा फेरच धरला. गहजब झाला. ऑगस्टमधल्या एका रात्री कोणीतरी त्यावर शाईची बाटली फोडली. (शाईफेक ही काही आपलीच मिरास नव्हे!) शिल्प हटवायचे ठरले, गुमेरी या शिल्पकाराकडे पर्यायी कामही गेले. तेवढ्यात १८७० चे फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले, पुढे गुमेरी वारला आणि ‘नृत्य’ जागेवरच राहिले.

ज्या रोदँला पुढे करून लेखकाने कार्पोला मागे ढकलले, तो रोदँ पोरवयात ‘पेतित एकोल’ या पॅरिसच्या कलाशाळेत शिकत असताना कार्पो तिथे शिकवत होता, याचा लेखात उल्लेखही नाही.

आणखी एक. लेखासोबतचे छायाचित्र ऑपेराच्या इमारतीवरच्या ‘नृत्य’चे आहे. तिथे १९६४ पासून पॉल बेलमोंदो यांनी घडवलेली प्रतिकृती उभी आहे. हवेच्या प्रदूषणाने झिजू लागलेले मूळ शिल्प आधी लूव्रमध्ये नेले, आता ते ओर्से संग्रहालयात आहे. छायाचित्राखाली नुसते ‘कार्पोचे शिल्प’ असे छापले आहे. निदान तेवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी द्यावी.

— एक निवृत्त कलाशिक्षक, सांगली