बाबा, ती पावती मोडू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता. आई मागून "विचार तिला, विचार" करत राहते आणि बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणून गप्प होता. ते "बरं" मला चांगलं ओळखता येतं. म्हणून लिहायला बसले.

तिकीट काढलंय. मार्चमध्ये व्हिएतनाम, एकटीने, दहाबारा दिवस. तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळणार नाहीत, त्यामुळे "अजून विचार कर" म्हणायला आता जागा नाही. आई, रागावू नकोस. विचार वर्षभर चालला होता. आधी सांगितलं असतं तर तुझी झोप वर्षभर गेली असती, आता महिनाभरच जाईल.

आधी पैशांचं बोलते. बाबा, तुम्ही बँकेत जाऊन पावती मुदतीआधी मोडली तर किती कापतात ते विचारून आलात, हे दादाने सांगितलं. त्याच्यावर चिडू नका, मीच खोदून विचारलं. पोरगी एकटी नको, टूरबरोबर जाऊ दे, वरचे पैसे आपण घालू, हा तुमचा हिशेब मला कळला आणि कळल्यावर अर्धा तास काही सुचलं नाही. पण बाबा, एक पावती माझ्यासाठी मोडून झाली आहे, वकिलाच्या वेळी. तेव्हा तुम्ही मला पत्ताही लागू दिला नव्हता. ही गुडघ्याची आहे. तिला हात लावायचा नाही. ऑपरेशन मेमध्ये ठरलंय ते मेमध्येच होणार, माझ्या वाट्याचे पैसे वेगळ्या खात्यात पडून आहेत आणि प्रवासाचा एक रुपयाही त्यातून घेतलेला नाही. पासबुकाचा फोटो दादाला पाठवलाय, बघून घ्या. विश्वास नाही म्हणून नाही. तुम्हाला कागद बघितल्याशिवाय चैन पडत नाही म्हणून.

टूरची जाहिरात तुम्ही कापून ठेवलीत ती मीही वाचली. दीड लाखाच्या पुढे, त्यात एकट्या माणसाला वेगळी खोली हवी तर जादा आकार, शिवाय पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापणार, तो रिटर्न भरताना मागत बसायचं. आपला आपण खर्च केला तर वर्षाला १० लाखांपर्यंत ती भानगड नाही. टूर वाईट असते असं मी म्हणत नाही. साठे काकूंना ती लाभली. मला सकाळी सहाला शिट्टी वाजवून उठवणारं कुणी नकोय, एवढंच.

आणि बाबा, हे शिकवलं कुणी? एसटीचा "आवडेल तेथे प्रवास"चा सात दिवसांचा पास काढून आपल्याला गावोगाव फिरवलंत ते काय कुठल्या टूरबरोबर? वहीच्या डाव्या पानावर अंदाज, उजव्या पानावर झालेला खर्च, आणि खाली लाल शाईने "अडीअडचण". त्या रकमेला गणपतीपुळ्यात आईने केवढी मनधरणी केली तरी तुम्ही हात लावू दिला नव्हता. मी तश्शीच वही घातली आहे. लाल शाईत १५ हजार आहेत. ते न वापरता परत आणायचे आहेत.

ते सोडून सगळा खर्च ७५ हजारांच्या आत बसतोय. २७ हजार नुसतं मुंबई-हनोई विमान, जाऊन-येऊन. स्वस्त तिकिटात हातातली ७ किलोची बॅगच चालते, म्हणून मोठ्या बॅगेचे पैसे आधीच भरून टाकले. विमानतळावर ऐनवेळी भरायला गेलं की फार लुटतात. व्हिसा घरबसल्या झाला. २५ डॉलर, सरकारी साइटवरच. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या साइट दुप्पट-तिप्पट घेतात. अर्जातलं नाव पासपोर्टाशी अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. पासपोर्टावर आता परत आपलंच आडनाव आहे. नुसतं सांगते, त्यावर बोलायचं नाही.

तिथले पैसे म्हणजे डोंग. आपल्या १००० रुपयांचे साधारण ३ लाख डोंग होतात, म्हणजे मी उतरल्या उतरल्या लक्षाधीश! गंमत सोडा, पण यातच माणसं फसतात. २० हजारांची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळसरच. एक आपल्या ६५-७० रुपयांची, दुसरी सोळा-सतराशेची. अंधारात, घाईत, टॅक्सीवाल्याला चुकून मोठी दिली की गेली. म्हणून मोठ्या नोटा वेगळ्या पाकिटात, तेही कमरेच्या पट्ट्यात, आणि रोजचे सुटे पर्समध्ये. आई, तू दुधाचे, पेपरचे आणि भिशीचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत ठेवतेस ना, तसंच. इथून डोंग नेत नाही, थोडे डॉलर आणि एक कार्ड नेते. तिथल्या एटीएममध्ये एका वेळी फार पैसे निघत नाहीत आणि दर खेपेला आकार पडतो, तेव्हा सारखं सारखं काढायचं नाही. आपलं क्रेडिट कार्ड तिथे घासलं की तीन-साडेतीन टक्के वर लागतात, म्हणून ते फक्त संकटात.

काटछाट कुठे केली तेही सांगते, म्हणजे तुम्हाला पटेल की मी उधळायला निघालेली नाही. हालाँग बे या खाडीतल्या बोटीवर रात्र काढायची तर एकट्या माणसालाही जवळजवळ दोघांचे पैसे मोजावे लागतात. खोडलं. त्याऐवजी निन्ह बिन्हला जाते. तसेच पाण्यातून उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर, आणि आपल्या आठशे-साडेआठशे रुपयांत दोनतीन तासांची होडी. त्याच भागात ताम कॉक आहे, तिथे बायका मागे रेलून चक्क पायांनी वल्ही मारतात. बाबा, पायांनी! सायगाव तर पूर्ण गाळलं. दक्षिणेपर्यंत जायचं म्हणजे आणखी एक विमान आणि आणखी चार मुक्काम, आणि एवढ्यात दोन्ही टोकं गाठायची म्हणजे नुसतं बॅगा उचलत फिरणं. हनोईहून ह्वे या शहराला ६८८ किलोमीटर, ते रात्रीच्या रेल्वेने. रात्रीची गाडी धरली की लॉजचं भाडं वाचतं, ही युक्ती कुणाची ते सांगायला नको. ह्वे ते दा नांग मात्र मुद्दाम दिवसाउजेडी. हाय वान घाटाखाली रूळ समुद्राच्या कडेकडेने जातात. तिकीट काही शेकड्यांत.

पण तीन ठिकाणी पैसे वाचवायचे नाहीत असं ठरवलंय. विमान हनोईला रात्री उतरतं. विमानतळावरून शहरात ८६ नंबरची बस जाते, आपल्या दीडशे रुपयांत. दिवस असता तर तीच धरली असती. रात्री ग्रॅबची, म्हणजे आपल्या ओलासारखी मोबाइलवरून बोलवायची गाडी, हजार रुपये गेले तरी चालतील. भाडं आधीच मोबाइलवर दिसतं, घासाघीस नाही, आणि गाडी कुठे आहे ते दादाला इथे दिसेल. दुसरं, रेल्वेत चार बर्थच्या डब्यातला खालचा बर्थ. तिसरं, विमा. दवाखान्याच्या खर्चाचा, बऱ्यापैकी रकमेचा. त्याची एक प्रत देवघराच्या खणात ठेवायला पाठवते.

आई, आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं. खोल्या स्वतंत्र आहेत, डॉर्मिटरी नाही. दिवसाला १३०० रुपयांच्या आसपास, न्याहारीसकट. गरम पाणी आहे, पाणी उकळायला किटली आहे, आतून कडी आहे. मी परीक्षणं वाचतानाच ज्या बायका एकट्या राहून आल्या त्यांचीच वाचली. आपला दोन पिनांचा चार्जर तिथे चालतो. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे, तेव्हा तुझी आठची मालिका सुरू व्हायच्या आत मी फोन करीन. एखाद्या रात्री नाही आला तर गाडीत रेंज नसेल असं समजायचं आणि जेवून घ्यायचं. दादाला अकरा वेळा फोन करायचा नाही.

जेवणाचं म्हणशील तर माशांचा सॉस तिथे भाजीतसुद्धा घालतात हे खरं. पण बौद्ध लोक बरेच आहेत, अमावास्या-पौर्णिमेला पुष्कळ जण शाकाहारी जेवतात, आणि "चाय", म्हणजे शाकाहारी, अशी पाटी असलेल्या खाणावळी गावोगावी असतात. भात, टोफू, तऱ्हेतऱ्हेच्या पालेभाज्या. दीडशे-दोनशे रुपयांत पोट भरतं. पोट बिघडलंच तर मेतकूट-भात आहेच.

तुझ्यासाठी एक जागा मुद्दाम घातली आहे. होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर मी सन म्हणून ठिकाण आहे. चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकात तिथे देवळं बांधली, बरीचशी शंकराची. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बॉम्बहल्ल्यात कितीतरी पडली. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे डागडुजीला जातात. २०२० साली त्यांना काम करता करता नवव्या शतकातलं एकसंध दगडाचं शिवलिंग सापडलं. तिकीट आपल्या पाचशे रुपयांचं. पूजा चालत नाही तिथे, पण तुझ्या नावाने हात जोडून येईन. सोमवारीच जाते, झालं?

तुम्हाला का नेत नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत. विचारणारही नाही. तरी सांगते. तिथे फुटपाथवर वीतभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून खातात, देवळांना पायऱ्या, दिवसाला पाचसात मैल चालणं. बाबा, तुम्ही "मला काही होत नाही" म्हणत रेटलं असतं आणि रात्री खोलीत पाय धरून बसला असतात, आणि आई तुमच्याकडे बघून देवळात गेलीच नसती. गुडघा नीट होऊ द्या, मग वहीचं डावं पान तुम्ही भरायचं. आणि खोटं कशाला बोलू, मला एकदा एकटीनेही जायचं होतं. तुमच्यापासून लांब म्हणून नाही. त्या सगळ्यानंतर जो तो मला जपत आला, तुम्ही सगळ्यात जास्त. आता रस्ता चुकला तर आपला आपण शोधता येतो का, ते बघायचंय.

पाडव्याला मी नसेन, हे मनाला लागलंय. मार्चमध्ये ह्वे-दा नांगकडे पाऊस फारसा नसतो आणि त्यांच्या नव्या वर्षाची, टेटची, गर्दी ओसरलेली असते, म्हणून तेच दिवस धरावे लागले. पण बाबा, गुढी तुम्ही स्टुलावर चढून उभारायची नाही. ओंकारला सांगून ठेवलंय, तो सकाळी सातला येईल. त्याला कडुनिंब आणायला खाली पाठवायचं, तुम्ही उतरायचं नाही. श्रीखंड विकतचं आणा, आई चक्का टांगत बसणार नाही. बीपीच्या गोळ्या दोघांच्याही महिन्याच्या आणून ठेवते, तरी डबीत वारांप्रमाणे आईनेच भरायच्या, कारण बाबा एक दिवस आड घेतात हे मला माहीत आहे. आणि "तुमची मुलगी परदेशात अडकली आहे, पैसे पाठवा" असा कुणाचाही फोन आला, अगदी माझ्या आवाजात आला, तरी ठेवून द्यायचा आणि दादाला कळवायचं. ओटीपी कुणालाही नाही.

पुढच्या शनिवारी येते. वही घेऊन येते. बाबा, लाल पेन तयार ठेवा, कुठे कमी धरलंय ते तुम्हीच काढाल. टॅक्सीचं कमी वाटतंय मला.

तुमची,
मनू

ता. क. आई, मेतकूट आणि दाण्याची चटणी दे, दोन्ही लहान पिशव्यांत, नीट सील करून. लोणचं देऊ नकोस. माहेरच्या पिशवीत तू ते खाली लपवतेस, तसं इथे चालणार नाही; तेल गळलं की सगळे कपडे जातात.